न ओतलेली भिंत

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : “कारखान्यात तयार होणाऱ्या इमारती, त्यांचे फायदे आणि तोटे. तुम्ही वीस वर्षं तेच केलंत. सोप्या भाषेत लिहा, आणि जरा हलकंफुलकं असू द्या, दिवाळी आहे.” मी लगेच हो म्हणालो. फायदे मला पाठ आहेत. नमुना फ्लॅट बघायला आलेल्यांना ते मी इतक्या वेळा ऐकवलेत की झोपेतसुद्धा क्रम चुकणार नाही. तोटे लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो, कारण यादीत पहिला मी स्वतःच होतो.

आधी हा धंदा काय आहे ते सांगतो. नेहमीची इमारत जिथे उभी राहायची तिथेच बांधतात. खांब ओततात, तुळया ओततात, मध्ये विटा रचतात, गिलावा करतात, कित्येक दिवस पाणी मारतात. आमच्या पद्धतीत यातलं बहुतेक काम हडपसरच्या पुढे, सासवड रस्त्याच्या बाजूला एका मोठ्या आवारात व्हायचं. त्याला आम्ही यार्ड म्हणायचो. तिथे लोखंडी टेबलं होती, एकेक टेबल एखाद्या खोलीएवढं. त्यावर कडेने लोखंडी पट्ट्या लावून भिंतीचा साचा करायचा, आत सळ्यांची जाळी, विजेच्या नळ्या आणि बटनांचे डबे ठेवायचे, दाराच्या जागी एक चौकट ठेवून तेवढी जागा मोकळी राखायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. वाफ द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत तयार. ती ट्रेलरवर उभी करून साइटवर न्यायची, क्रेनने जागेवर बसवायची, जोडांत पातळ मसाला भरायचा, की झालं. पत्त्यांचा बंगला रचावा तशी इमारत उभी राहते, असं मी सुरुवातीला एका ग्राहकाला उत्साहाने सांगितलं होतं. त्याने बुकिंग रद्द केलं. पुढे ही उपमा मी वापरली नाही.

फायदे खोटे नाहीत. इमारत लवकर होते. भिंत एकसारखी होते. कोपरे काटकोनात येतात, आणि ही गोष्ट पुण्यात किती दुर्मीळ आहे ते कुठल्याही सुताराला विचारा. आमच्या धायरीच्या इमारतीत कपाटं बसवणारा एक सुतार मला वैतागून म्हणाला होता, “साहेब, भिंतच सरळ असली तर आमचं चुकलेलं कुणावर ढकलायचं?” आणखी एक फायदा ब्रोशरमध्ये नसतो. माझ्या पहिल्या नोकरीत सहाव्या मजल्याबाहेर बांबूच्या परांचीवर उभे राहून गिलावा करणारे लोक होते. त्यातल्या एकाला मी पडताना पाहिलं. पुढे या पद्धतीत आलो तेव्हा पहिल्या दिवशी पाहिलं की इथे सगळं काम जमिनीवर, कमरेएवढ्या उंचीवर चालतं, आणि मला वाटलं, बस, आता निवृत्त होईपर्यंत हेच. हे मनापासून वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

ग्राहकांना मात्र यातलं काही नको असायचं. पुणेकर फ्लॅट बघायला आला की आधी भिंतीवर बोटाने ठोकतो. आमच्या भिंतीतून विटेसारखा आवाज यायचा नाही. “अहो, ही भिंत आहे की दार?” असं एका आजोबांनी विचारलं होतं. मी म्हणालो, ही विटेपेक्षा मजबूत आहे. ते म्हणाले, “असेल. पण विटेला विचारलं तर ती ‘ठक्’ म्हणते. ही काहीच कबूल करत नाही.” ताबा मिळाल्यावर लोकांना त्या मजबुतीचा खरा अनुभव यायचा, कारण खिळा आत जायचा नाही. एक गृहस्थ वाकडे झालेले खिळे रिकाम्या पेढ्यांच्या खोक्यात घालून ऑफिसात आले, खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “तोंड गोड करा.”

धायरीत माल पोचवणं हीच एक मोहीम होती. एकदा ऐन गणपतीत आमचे दोन ट्रेलर मांडवापाशी अडकले. भिंत आडवी झोपवून नेता येत नाही, आणि उभी नेली तर मांडवाच्या कमानीला लागते. मी मंडळाच्या अध्यक्षांना विनवण्या केल्या, की क्रेन रिकामी उभी आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, “साहेब, बाप्पा दहा दिवसांनी जाणार हाय. तुमची भित कुठं चाललीय?” आम्ही दहा दिवस थांबलो. लवकर बांधून देतो म्हणणाऱ्या कंपनीच्या भिंती कमानीच्या अलीकडे उभ्या होत्या, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्यांवर आरतीची वेळ लिहिलेला फलक टांगला होता.

पण या पद्धतीचा खरा स्वभाव मला कळला तो बटनांमुळे. त्याच इमारतीच्या नकाशात कुणीतरी एक भिंत आरशात दिसावी तशी उलटी काढली. माझ्या नजरेखालून तो नकाशा गेला, मी सही केली. साच्यात बटनांचा डबा दाराच्या बिजागरीच्या बाजूला बसला. म्हणजे दार उघडून आत या, दार पुन्हा लावा, मग दारामागे हात घालून दिवा लावा. साध्या बांधकामात गवंडी एका खोलीत चुकतो, दुसऱ्या खोलीत त्याच्या लक्षात येतं. साच्याला काही लक्षात येत नाही. एका बाजूच्या सगळ्या फ्लॅटमध्ये, बाराही मजल्यांवर, ती चूक अगदी एकसारखी, काटकोनात, उत्तम दर्जाची झाली. लोक विचारायला आले तेव्हा मी सांगितलं, की लहान मुलांच्या सुरक्षेसाठी बटन मुद्दाम तिथे ठेवलं आहे. काहींना ते पटलं. दोघांनी तर आभार मानले.

आता लिमये बाईंकडे येतो. त्यांच्यासाठीच हा लेख लिहितोय, असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा ग्राहकांचे बदलाचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. कुणाला खिडकी मोठी हवी, कुणाला देवघरासाठी कोनाडा हवा, कुणाला वास्तूच्या पंडितांनी स्वयंपाकघराचा ओटा फिरवायला सांगितलेला. सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं, अशी कंपनीची रीत होती : साचा तयार आहे, बदल होणार नाही. रोज तेच लिहून हात दुखतो म्हणून मी लक्ष्मी रस्त्यावरून एक शिक्का करून आणला, ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’. भिंती यार्डातून तयार होऊन यायच्या, उत्तरं माझ्या खणातून. सहकाऱ्यांना शिक्का इतका आवडला की ते तो उसना मागून न्यायचे.

लिमये बाई निवृत्त गणित शिक्षिका. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट नाही, जिना अरुंद. यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, चाकाची खुर्ची आली. त्यानंतर काका खाली उतरले ते फक्त दवाखान्यात जाण्यासाठी, चार माणसांच्या हातांवर. म्हणून त्यांनी तिथली जागा विकून आमच्याकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मोठी लिफ्ट, पायरी नाही, रुंद व्हरांडा, हे सगळं मीच त्यांना दाखवलं होतं.

त्या ऑफिसात आल्या तेव्हा हातात फ्लॅटचा नकाशा होता आणि पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा. बसल्या, नकाशा पसरला आणि पुठ्ठा त्यावर ठेवला.

“ही यांची खुर्ची. नकाशाच्याच मापात कापली आहे,” त्या म्हणाल्या. मग बोटाने तो तुकडा दिवाणखान्यातून झोपायच्या खोलीत नेला, तिथून बाथरूमच्या दाराशी आणला. तुकडा अडला. “पाहिलंत? चाकावरच्या बोटांची जागा धरून तीन इंच कमी पडतात. दार तीन इंच रुंद केलं, तर हे स्वतः आत जाऊ शकतात. उजवा हात चांगला आहे त्यांचा.”

मी म्हणालो, “बाई, साचा तयार झाला आहे. लोखंडी असतो तो. बदलता येत नाही.”

“मुळीच?”

“मुळीच.”

त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा उचलून पर्समध्ये ठेवला. “तांत्रिक अडचण असेल तर काय बोलणार. तुमचं शास्त्र आहे ते,” म्हणाल्या, आणि नमस्कार करून गेल्या. मी अर्जावर शिक्का मारला.

आता खरी गोष्ट सांगतो, ती या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. टेबल लोखंडी असतं, पण दाराची जागा राखणारी चौकट त्याला वितळवून चिकटवलेली नसते. ती मोठ्या लोहचुंबकांनी धरलेली असते. खटका दाबला की चुंबक सुटतो, चौकट सरकवायची, पुन्हा खटका. यार्डातल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागली असती. चौथ्या मजल्याची ती भिंत तेव्हा ओतलेलीसुद्धा नव्हती, तिची पाळी तीन आठवड्यांनी होती. अवघड होतं ते वेगळंच. नवा नकाशा काढायचा, सल्लागाराची सही घ्यायची, भिंतीला वेगळा क्रमांक द्यायचा, ती नेमक्या ट्रेलरवर चढतेय का हे बघायचं, आणि मग वरिष्ठांना सांगायचं, की हो, मी एकाला बदल करून दिला. त्या दिवशी माझ्यासमोर अकरा अर्ज होते आणि शिक्का हाताशी होता. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आमच्या पद्धतीत ओतायच्या आधी सगळं सोपं असतं आणि ओतल्यानंतर काहीच नाही. विटेच्या घरात गवंडी बोलावून कधीही भिंत फोडता येते. आमच्याकडे खांबच नसतात, भिंतीच वरचे मजले पेलतात. दाराच्या दोन्ही कडांना जाड उभ्या सळ्या असतात. त्या कापणं म्हणजे वरच्या आठ मजल्यांच्या पायाला हात घालणं. तीन इंच ही पंधरा मिनिटांची गोष्ट होती. भिंत उभी राहिली आणि ती अशक्य झाली. तेव्हा मी जे खोटं बोललो होतो, ते काँक्रीटने माझ्यासाठी खरं करून दाखवलं.

ताबा दिल्यानंतर दोन वर्षांनी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. “कदम साहेब, लवकर या. चारशे दोनमध्ये भिंत फोडतायत. वरच्यांच्या कपबश्या हलतायत.”

मी धावत गेलो. दार उघडंच होतं. बाथरूमपाशी धुळीत संपत बेनकर उभे होते. हे धायरीतलेच, छोटी दुरुस्तीची कामं घेणारे ठेकेदार. हातात यंत्र, पायाशी मोडलेली तीन पाती.

“सायेब, तुमीच बांदलीय न ही? बाथरूमचा दरवाजा हाय का किल्ल्याचा? दोन तास झाले, चार बोटं बी नाय गेलो आत.”

“थांबवा. सळ्या कापल्या का?”

“एक दिसली. कापणार व्हतो.”

मी यंत्राची पिन काढून घेतली आणि वळलो, तर लिमये बाई मागे उभ्या होत्या. बाथरूमला दार नव्हतंच, तिथे तारेवर एक फुलाफुलांचा पडदा होता. दाराबाहेर चाकाची खुर्ची, दाराच्या आत पांढरी प्लास्टिकची खुर्ची. बघता क्षणी मला सगळं कळलं. रोज सकाळी बाई आणि कामाला येणाऱ्या मावशी मिळून काकांना एका खुर्चीतून दुसरीत ओढून घेत होत्या, प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून आत सरकवत होत्या आणि पडदा ओढत होत्या. खुर्ची दारातच अडायची, म्हणून दार काढून ठेवलं होतं. दोन वर्षं.

“बाई, ही भिंत तोडता येणार नाही. वरचे मजले हिच्यावर आहेत.”

“म्हणजे भिंत माझी नाही?”

“भिंत तुमची आहे. भार सगळ्यांचा आहे.”

“बरं.” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. वर्गात फळ्यापाशी कुणाला बोलवावं तशा आवाजात विचारलं, “मी तुमच्याकडे आले होते तेव्हा ही भिंत कुठे होती?”

“यार्डात.”

“उभी?”

“नाही.”

“ओतलेली?”

बेनकर माझ्याकडे बघत होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला काका पलंगावर बसलेले दिसत होते, त्यांचंही तोंड आमच्याकडे होतं.

“कदम, मी विचारलं, ओतलेली होती का?”

“ओतलेली नव्हती, बाई. तीन आठवडे होते. दार मोठं करता आलं असतं.”

“किती काम होतं?”

“पंधरा मिनिटांचं.”

बेनकरांनी यंत्र हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मुलांचं उत्तर चुकलं तरी मी पायऱ्यांचे गुण द्यायचे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तर पायऱ्याच नाहीत.” मग बेनकरांकडे वळून, “संपतराव, चहा घ्या. याचं काही होणार नाही आता.” मला चहा विचारला नाही. ते योग्यच होतं.

त्या आठवड्यात मी जे केलं त्याचं कौतुक करून घ्यायचा माझा इरादा नाही, कारण ते दोन वर्षं आणि एक शिक्का उशिरा केलं. आमच्या रचना सल्लागारांना जाऊन भेटलो. त्यांनी आकडेमोड करून सांगितलं, की एकाच कडेने तीन इंच कापता येईल, पण हिऱ्याच्या पात्याने, हादरा न देता. कापलेल्या जागी पोलादी चौकट बसवावी लागेल, आणि ती पक्की होईपर्यंत वरच्या आणि खालच्या दोन्ही फ्लॅटमध्ये बाथरूमपाशी लोखंडी टेके उभे ठेवावे लागतील. दहा दिवस. शिवाय सोसायटीची मंजुरी.

आमचे संचालक म्हणाले, “कदम, तुम्ही चांगले इंजिनीअर आहात. यात भावना कुठून आली? एकाला करून दिलं की उद्या रांग लागेल. आणि मुख्य म्हणजे, कारण काय लिहिणार?”

कारण काय लिहिणार हेच सोसायटीनेही विचारलं. सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. खालच्या तीनशे दोनचे गृहस्थ आधी उठले.

“टेके माझ्या बाथरूमच्या दारात? आम्ही दहा दिवस आंघोळ कुठे करायची?”

“सासुरवाडीला जा, हडपसरला. पाणी चांगलं आहे तिथे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तुम्ही गप्प बसा हो. तुमच्या दारात येणार आहेत का टेके?”

एक तरुण मुलगी उठली. “सर, यांचं दार होत असेल तर आमच्या स्विचचं पण बघा ना. दोन वर्षं डोअरच्या मागे हात घालतोय. चाइल्ड सेफ्टी म्हणे!”

हशा पिकला. मी खाली बघितलं.

सेक्रेटरी निवृत्त सरकारी अधिकारी होते, कागदाचे पक्के. त्यांनी सगळ्यांना शांत केलं. “आपल्या नियमांत स्पष्ट आहे, भिंतीला कुणीही हात लावायचा नाही. लिमये बाईंबद्दल सहानुभूती आहे, पण सहानुभूतीवर ठराव होत नाही. ही मूळ बांधणाऱ्यांची चूक होती असं बांधणाऱ्यांनी लेखी दिलं, तर ती दुरुस्ती ठरते. दुरुस्तीला नियम आडवा येत नाही. तसं नसेल तर तो मालकाने केलेला बदल, आणि बदलाला परवानगी नाही. कदम साहेब, देता लेखी?”

सगळे माझ्याकडे बघत होते. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या मात्र समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत होत्या. काकांनी स्वतः बाथरूममध्ये जाणं आता फक्त एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि तो कागद मी लिहिला तर कंपनीत माझं काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्यामागे एका मुलीचं शिक्षण आणि एका घराचे हप्ते होते. हे मी धैर्य दाखवण्यासाठी सांगत नाही. मी बराच वेळ उभा होतो, एवढंच सांगतोय. तीनशे दोनवाले म्हणाले, “साहेब, हे पण तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही का?” म्हणजे शिक्का त्यांनाही मिळाला होता.

मी सेक्रेटरींकडून कागद मागून घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. चारच वाक्यं झाली. अर्ज वेळेत आला होता. भिंत ओतलेली नव्हती. बदल शक्य होता. मी नाही म्हणालो. खाली नाव, हुद्दा, सही. वीस वर्षांत मी लिहिलेला हा एकच कागद, ज्यात एकही तांत्रिक शब्द नव्हता. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “याची झेरॉक्स काढू ना?”

मला कंपनीने काढलं नाही. माझ्याकडचं काम काढून घेतलं, टेबल खिडकीपासून हलवलं, आणि चार महिन्यांनी मीच निघालो. आता दोन मित्रांबरोबर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा सल्ला देतो. कंपनीने मात्र माझ्या पत्रातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. त्यांच्या नव्या ब्रोशरमध्ये एक पान आहे, ‘ज्येष्ठांसाठी खास : रुंद दार, जादा शुल्कात’. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका आजोबांचं हसतं चित्र आहे. ते बघून मला राग यायला हवा होता. पण दार रुंद आहे, आणि कुणीतरी त्यातून आत जाणार आहे. मला बोलायला फारशी जागा नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या दिवशी माझ्यासमोर अकरा अर्ज होते. लिमये बाईंचा एक. बाकीचे दहा कशाचे होते हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. एकही आठवत नाही. त्यातले काही नुसते हौसेचे असतील. सगळे हौसेचे होते, असं मी कशावरून म्हणू?

त्या पत्रावर सोसायटीची मंजुरी मिळाली आणि दाराचं काम ठरल्याप्रमाणे झालं. तीनशे दोनवाले खरोखरच सहकुटुंब हडपसरला गेले, आणि जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाले, “नळ तरी गळत नाही ना बघा, आलाच आहात तर.” वरच्यांनी टेक्यांवर ओले टॉवेल वाळत घातले. पात्याने भिंत कापली गेली तेव्हा लोण्यासारखी कापली असं लिहिण्याचा मोह होतो, पण ती तशी कापली गेली नाही. दिवसभर किंचाळत, पाणी पीत, इंचाइंचाने गेली. चौकट बेनकरांनी बसवली. अकराव्या दिवशी टेके काढले, सल्लागारांनी भिंतीवर हात फिरवला आणि मान हलवली. जुनं दार आता पुरणार नव्हतं. नवं दार त्याच दिवशी दुपारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बोलावून घेतलं. बेनकर आधीच आले होते, रंगाचं बघायला म्हणून. काका चाकाच्या खुर्चीत होते, धुतलेला सदरा, दाढी केलेली. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं होतं. हो, नाही, पाणी, एवढंच यायचं, तेही तुटक, आणि बरेचदा बाईच त्यांच्या वतीने बोलायच्या. त्यांनी उजव्या हाताने चाक फिरवलं. खुर्ची थोडी तिरकी गेली. बाई पुढे झाल्या, तशी त्यांनी मान जोरात हलवली. पुन्हा मागे घेतली, सरळ केली. दारातून खुर्ची आत गेली. दोन्ही बाजूंना बोटांपुरती जागा राहिली. आत गेल्यावर त्यांनी खुर्ची वळवली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“अहो, कडी कशाला?” बाई दाराशी गेल्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या, हातात टॉवेल. पाण्याचा आवाज आला, थांबला. आणखी थोडा वेळ गेला.

“झालं का हो?”

बाईंनी दाराला कान लावला.

“अहो, झालं का? येऊ का मी?”

“गप... बस,” आतून काका म्हणाले.

बेनकर छताकडे बघू लागले. बाई दारापासून मागे सरकल्या. टॉवेलची घडी केली, ती मोडून पुन्हा केली. मग माझ्याकडे वळून, कुणी पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगावं तसं म्हणाल्या, “ऐकलंत? मला गप्प बस म्हणाले. दोन शब्द, सलग.”

मी निघायला उठलो. “बसा,” त्या म्हणाल्या. “बाहेर येऊ द्या त्यांना, मग जा.” बेनकरांनी एक स्टूल ओढून घेतलं. आम्ही तिघं बंद दाराबाहेर बसून राहिलो. आत काय चाललंय याच्याशी आता आमच्यापैकी कुणाचाच संबंध नव्हता.